कडेला बसणाऱ्याचा टीव्ही

दुकानात आपण टीव्हीच्या बरोबर समोर उभे राहून तो पसंत करतो. घरी आणल्यावर मात्र त्याच्या समोर मधोमध बसायला फार तर दोघांनाच जागा मिळते. बाकीची मंडळी कडेला. दिवाणावर भिंतीला टेकलेली आजी, सोफ्याच्या टोकाला बसलेले पाहुणे, जमिनीवर पसरलेली मुलं आणि गॅसवर एक डोळा ठेवून स्वयंपाकघराच्या दारातूनच मालिका पाहणारी आई. कार्यक्रम सगळ्यांचा एकच, पण प्रत्येकाच्या डोळ्यांत पोचणारा प्रकाश वेगळा. सपाट पडद्याच्या कित्येक टीव्हींमध्ये हा फरक इतका असतो, की मधल्या माणसाला रेखीव दिसणारा चेहरा कडेच्या माणसाला पिठूळ आणि चपटा दिसतो. हजारो रुपये मोजताना या कडेच्या जागांचा विचार सहसा कुणी करत नाही. तो करायला हवा, आणि त्यासाठी पडद्याच्या आत काय चालतं तेही थोडं समजून घ्यायला हवं.

आधी स्वतः पाहून घ्या. संध्याकाळी दिवे मंद करून एखादा सिनेमा लावा आणि जिथे चेहरा जवळून दिसतोय, एका गालावर सावली आहे, अशा दृश्यावर तो थांबवा. बरोबर समोर उभे राहा आणि मग पडद्यापासूनचं अंतर तेवढंच ठेवून हळूहळू एका बाजूला सरका. नजर केसांवर ठेवा. समोरून केस काळेभोर असतात, वेणीचे पेड सुटे दिसतात. थोडं सरकलात की काळ्यात राखाडी मिसळू लागते आणि पेड एकमेकांत विरतात. आता गालाकडे पाहा. तिथली सावली फिकी झालेली असते, गालाचा उंचवटा सपाट होतो, कुंकवाचा लाल रंग उतरतो. सिनेमाच्या वरखाली काळ्या पट्ट्या असतील तर त्या धुरकट होतात. यानंतर भर उन्हातला एखादा क्रिकेटचा सामना लावून तसेच सरका. या वेळी पडदा जरा मंद झाल्यासारखा वाटेल, पण चित्र फारसं बिघडणार नाही. म्हणजे बिघाड सगळ्या रंगांत सारखा नाही. सावलीतल्या आणि मधल्या छटांना तो जास्त झोंबतो, आणि माणसाची त्वचा नेमकी याच मधल्या छटांत येते. तुमच्या टीव्हीत यातलं काहीच घडलं नाही, तर त्याच्या आतलं पॅनेल निराळ्या जातीचं आहे. त्या जातीकडेही येऊच.

जुन्या डबा टीव्हीला हा त्रास नव्हता. दूरदर्शनचं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं, १९८२मध्ये रंगीत प्रक्षेपण आलं, १९८७मध्ये ‘रामायण’ सुरू झालं. त्या काळात एका टीव्हीसमोर अख्खी चाळ बसत असे. दारातून, खिडकीतून, खाटेवरून, कुठूनही. पडदा लहान होता, चित्राला मुंग्या येत होत्या, पण रंग कडेच्या माणसाला आणि मधल्या माणसाला सारखेच दिसत. कारण सोपं होतं. चित्रनळीच्या काचेला आतून फॉस्फरचा लेप असे. इलेक्ट्रॉनचा झोत आदळला की तो ठिपका स्वतः उजळायचा आणि उजेड सगळ्या दिशांना सारखाच फेकायचा. प्लाझ्मा टीव्हीतही फॉस्फरच होतं, फक्त ते वायूतून निघणाऱ्या अतिनील किरणांनी उजळत असे. म्हणून प्लाझ्माही कडेने उत्तम दिसायचा. पण तो वीज जास्त खायचा, वजनाला जड होता आणि किमतीत टिकला नाही. २०१४च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी त्याचं उत्पादन थांबवलं आणि घराघरांत एलसीडी उरला.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘एलसीडी नको, एलईडी द्या’ असं अजूनही दुकानात ऐकू येतं. बाजारात एलईडी म्हणून विकला जाणारा घरगुती टीव्ही हा एलसीडीच असतो. मागून प्रकाश देण्यासाठी पूर्वी बारीक ट्यूबलाइटी असत, त्या जागी एलईडी दिवे आले, एवढाच फरक. क्यूएलईडीमध्ये त्या प्रकाशाचे रंग शुद्ध करणारा क्वांटम डॉटचा थर घातलेला असतो. मिनी एलईडीमध्ये मागचे दिवे खूप लहान आणि संख्येने खूप जास्त असतात. या दोन्ही सुधारणा खऱ्या आहेत आणि समोरून चित्र खरोखर उजळ होतं. पण कडेने चित्र कसं दिसेल हे मुख्यतः मागच्या दिव्यांच्या पुढे असलेला लिक्विड क्रिस्टलचा थर ठरवतो, आणि खोक्यावरच्या या मोठ्या अक्षरांवरून त्या थराची जात कळत नाही.

लिक्विड क्रिस्टल म्हणजे द्रवासारखा वाहणारा, पण ज्याचे रेणू स्फटिकासारखी शिस्त पाळतात असा पदार्थ. १८८८मध्ये प्राग इथे काम करणाऱ्या फ्रीडरिश रायनिट्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला तो प्रथम दिसला. कोलेस्टेरॉलपासून बनवलेला एक पदार्थ त्याने तापवला, तर तो एका तापमानाला वितळून गढूळ झाला आणि आणखी वरच्या तापमानाला स्वच्छ झाला. एकाच पदार्थाला दोन वितळणबिंदू! या मधल्या गढूळ अवस्थेचा काही मोठा उपयोग होईल असं पुढची कित्येक दशकं कुणाला वाटलं नाही.

टीव्हीत या पदार्थाचा जेमतेम काही मायक्रोमीटर जाडीचा थर दोन काचांमध्ये कोंडलेला असतो. काचांच्या मागे आणि पुढे एकेक पोलरायझर, म्हणजे ठरावीक दिशेने कंप पावणाराच प्रकाश जाऊ देणारी फिल्म. या दोन फिल्म एकमेकींना काटकोनात लावलेल्या असतात. त्यामुळे मध्ये काही नसेल तर पहिलीतून आलेला प्रकाश दुसरीत अडतो आणि पडदा काळा राहतो. मध्ये लिक्विड क्रिस्टल असलं की गोष्ट बदलते. त्याचे रेणू लांबट असतात. रेणूच्या लांबीच्या दिशेने कंप पावणारा प्रकाश आणि आडवा कंप पावणारा प्रकाश त्यातून वेगवेगळ्या वेगाने जातो. त्यामुळे प्रकाशाची कंपनदिशा बदलते आणि त्यातला काही भाग दुसऱ्या फिल्ममधून बाहेर निसटतो. किती निसटावा हे रेणू किती कललेत यावर, आणि रेणू किती कलावेत हे विजेच्या दाबावर. फोरके पडद्यावर सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. प्रत्येकाचे लाल, हिरवा, निळा असे तीन भाग धरले तर हे जवळपास अडीच कोटी बारीक दरवाजे झाले, आणि ते सेकंदाला साठ-साठ वेळा नव्याने लावले जातात. ही करामत थक्क करणारी आहे आणि आपण ती रोज न बघताच बघतो.

अडचण याच करामतीत दडली आहे. प्रकाशात किती बदल होणार हे किरण आणि रेणू यांच्यातल्या कोनावर ठरतं. विजेचे सगळे दाब कारखान्यात समोरच्या माणसाला धरून बसवलेले असतात. कडेच्या माणसाकडे जाणारा किरण त्याच थरातून तिरका जातो. रेणूंशी त्याचा कोन वेगळा, थरातला प्रवास वेगळा, म्हणून बाहेर पडणारा उजेडही वेगळा. एक पेन्सिल हातात तिरकी धरून पाहा. डोकं एका बाजूला नेलंत तर तिचं फक्त टोक दिसतं, दुसऱ्या बाजूला नेलंत तर पूर्ण लांबी दिसते. पेन्सिल हललेली नाही, हललात तुम्ही. तिरप्या रेणूंतून जाणाऱ्या प्रकाशाचं असंच होतं. रेणू पूर्ण उभा किंवा पूर्ण आडवा असेल तर डावीकडच्या आणि उजवीकडच्या माणसाला तो सारखाच. तो अर्धवट कललेला असला की गोंधळ सर्वांत मोठा, आणि अर्धवट कललेला रेणू म्हणजेच मधली छटा. गालावरची सावली उडते ती यामुळे.

रेणू कसे मांडायचे, याच्या तीन प्रमुख रीती झाल्या. पहिली टीएन. १९७०मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेलफ्रिश यांनी ती मांडली. दोन काचांच्या मध्ये रेणूंची रचना नव्वद अंशांनी पिळलेली असते. ही रीत स्वस्त आणि वेगवान. कॅल्क्युलेटरपासून लॅपटॉपपर्यंत तिने राज्य केलं. पण जुन्या लॅपटॉपचं झाकण जरा मागे-पुढे केलं की चेहरा फोटोच्या निगेटिव्हसारखा व्हायचा, तो तिचाच गुण. मोठ्या टीव्हीत ती आता जवळपास दिसत नाही.

दुसरी रीत व्हीए. वीज नसताना रेणू काचेवर सरळ उभे राहतात, त्यामुळे समोरून पाहताना काळा रंग खरोखर काळा येतो. पांढरा आणि काळा यांच्या उजेडाचं प्रमाण, म्हणजे कॉन्ट्रास्ट, ३,००० ते ५,००० पट किंवा त्याहूनही जास्त मिळतो. वीज दिली की रेणू कलतात, आणि कलले की कडेच्या माणसाचं नुकसान सुरू होतं. १९९०च्या दशकात जपानच्या फुजित्सूने यावर तोड काढली. एकाच पिक्सेलचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागातले रेणू निरनिराळ्या दिशांना कलवायचे, म्हणजे एका भागाची चूक दुसरा भाग भरून काढतो. याने टीएनच्या मानाने खूपच सुधारणा झाली, पण दोष पूर्ण गेला नाही. आजच्या बाजारातले बहुसंख्य एलसीडी टीव्ही व्हीए जातीचे आहेत.

तिसरी आयपीएस. जपानच्याच हिताचीने ती १९९०च्या दशकाच्या मध्यावर बाजारात आणली. यात रेणू उभे राहतच नाहीत. काचेला समांतर आडवेच असतात आणि वीज दिली की त्याच पातळीत वळतात. त्यामुळे डावीकडून पाहा की उजवीकडून, त्यांचा कोन फार बदलत नाही आणि रंग टिकतात. वरच्या प्रयोगात तुमच्या टीव्हीवरचा चेहरा बिघडला नसेल, तर तो बहुधा आयपीएस किंवा पुढे येणारा ओलेड असेल. मात्र आयपीएसला समोरून काळा रंग तितका जमत नाही. कॉन्ट्रास्ट साधारण १,००० ते १,५०० पटच असतो. अंधाऱ्या खोलीत रात्रीचं दृश्य लावलं की आकाश काळं न दिसता राखाडी दिसतं.

म्हणजे सौदा असा आहे: मधल्या माणसाला खोल काळा रंग, की कडेच्यांना बरे चेहरे? काही महाग व्हीए टीव्हींमध्ये प्रकाश पसरवणारा जास्तीचा थर घालून दोन्ही साधायचा प्रयत्न झाला. सोनीने २०१८मध्ये आणि सॅमसंगने २०१९मध्ये असे टीव्ही आणले. कडेचं चित्र खरंच सुधारलं, पण समोरचा कॉन्ट्रास्ट कमी झाला. फुकट काहीच मिळत नाही.

आता तो प्रसिद्ध आकडा. जवळजवळ प्रत्येक एलसीडी टीव्हीच्या माहितीपत्रकात ‘पाहण्याचा कोन १७८ अंश’ असं छापलेलं असतं. व्हीएलाही तेच, आयपीएसलाही तेच. १७८ अंश म्हणजे प्रत्येक बाजूला ८९, म्हणजे पडद्याच्या भिंतीला गाल लावून पाहण्यासारखं. तिथून चित्र चांगलं दिसतं असा याचा अर्थ मुळीच नाही. प्रचलित मोजणीत कॉन्ट्रास्ट घसरत घसरत १० पटीवर येतो तो कोन धरतात. समोर ४,००० पट असलेलं चित्र १० पटींवर आलं तरी ते ‘दिसतं’ असं मानायचं! हा आकडा ग्राहकाच्या काडीच्या उपयोगाचा नाही आणि तो छापण्याची पद्धत बंद व्हायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या घरांत प्रत्यक्ष कोन किती असतो ते काढणं अवघड नाही. दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब हॉल धरा. टीव्ही आखूड भिंतीच्या मधोमध, सोफा लांब भिंतीला लागून. सोफ्यावर बसलेल्या माणसाचं डोकं मधल्या रेषेपासून साधारण चार फूट बाजूला असतं. तो टीव्हीच्या भिंतीपासून दहा फुटांवर बसला असेल तर कोन होतो सुमारे २२ अंश. ठीक आहे. पण सोफ्याच्या पुढच्या टोकाला, भिंतीपासून चार फुटांवर बसलेल्यासाठी तो थेट ४५ अंश होतो. शिवाय हा पडद्याच्या मध्याचा कोन झाला. ५५ इंची टीव्ही सुमारे चार फूट रुंद असतो. त्याच माणसाला पडद्याची जवळची कड सुमारे २७ अंशांतून दिसते आणि लांबची कड ५६ अंशांतून. एकाच पडद्यावर एका टोकाचा रंग एक, दुसऱ्या टोकाचा दुसरा. टीव्ही मोठा घेऊ तितकं हे वाढतं. अगदी मधोमध बसलेला माणूसही फार जवळ असेल तर त्याला दोन्ही कडा तिरप्याच दिसतात. लहान हॉलमध्ये प्रचंड टीव्ही घेणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

उंचीची गोष्ट याहून दुर्लक्षित. आपल्याकडे टीव्ही भिंतीवर फार वर टांगतात. खाली शोकेस, त्यावर फोटो, फुलदाणी, मुलांच्या हाताला लागू नये ही काळजी. पडद्याचा मध्य पाच फुटांवर जातो. जमिनीवर मांडी घालून बसलेल्याचे डोळे साधारण अडीच फुटांवर असतात. सहा फुटांवरून पाहताना हा उभा कोनच २२-२३ अंश होतो. त्यात तो बाजूलाही बसलेला असेल तर नजर पडद्यावर कोपऱ्यातून तिरपी पडते, आणि ही कोपऱ्याची दिशा एलसीडीसाठी सर्वांत वाईट. समोरून काटकोनात असलेल्या दोन पोलरायझर फिल्म कोपऱ्यातून पाहताना काटकोनात राहत नाहीत, म्हणून अडवायचा प्रकाश गळतो आणि काळा रंग उजळतो. उंच टांगलेल्या टीव्हीखाली एका बाजूला जमिनीवर बसलेलं मूल घरातलं सर्वांत वाईट चित्र पाहत असतं, आणि ते तक्रारही करत नाही, कारण टीव्ही असाच असतो असं त्याला वाटतं.

याखेरीज चकाकी. काचेवर सरळ पडलेल्या उजेडापैकी सुमारे ४ टक्के परावर्तित होतो. ६० अंशांच्या तिरप्या कोनाला ते प्रमाण सुमारे ९ टक्के होतं आणि ७५ अंशांना २५ टक्क्यांच्या आसपास पोचतं. चांगल्या पडद्यांवर हे कमी करणारा लेप असतो, पण तिरप्या कोनाला त्याचीही दमछाक होते. कडेच्या माणसाला समोरच्या भिंतीतली खिडकी किंवा गॅलरीचं दार पडद्यात दिसतं ते यामुळे. मूळ चित्र फिकं, त्यावर खिडकीचा उजेड. दुपारची मालिका मग नुसती ऐकायची उरते.

यावर आजचा सर्वांत चांगला उपाय ओलेड. ईस्टमन कोडॅकमध्ये चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७मध्ये सेंद्रिय पदार्थांच्या पातळ थरांतून कमी विजेवर उजेड काढून दाखवला, तिथून ही वाट निघाली. ५५ इंची ओलेड टीव्ही २०१३मध्ये बाजारात आले. इथे प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, प्रकाश अडवणारा लिक्विड क्रिस्टलचा थर नाही. कडेने पाहताना काही पॅनेलांत किंचित रंगछटा चढते, पण केस काळे राहतात, गालावरची सावली जागेवर राहते. २०२२मध्ये आलेल्या क्यूडी-ओलेडमध्ये ती रंगछटाही आणखी कमी झाली. अडचणी दोन. एक किंमत. दुसरी, दिवसभर एकच वृत्तवाहिनी लावून ठेवणाऱ्या घरात खालची सरकती पट्टी आणि वाहिनीचं बोधचिन्ह यांचे डाग कालांतराने पडद्यावर उमटू शकतात. आपल्याकडे सकाळपासून बातम्या चालू ठेवणारी घरं पुष्कळ आहेत. त्यांनी ओलेडवर पैसे घालण्याआधी दोनदा विचार करावा आणि चांगला आयपीएस पाहावा.

ज्यांच्या घरी टीव्ही आधीच आहे त्यांनीही हात टेकण्याचं कारण नाही. भिंतीलगतचं पक्कं ब्रॅकेट काढून फिरतं ब्रॅकेट लावलं आणि टीव्ही सोफ्याकडे १५ अंश वळवला, तर ४५ अंशांवर बसलेल्याचा कोन ३० होतो. व्हीए पॅनेलमध्ये एवढ्याने चेहऱ्यात जीव येतो. टीव्ही खाली घेता आला तर उत्तम, नाहीतर वरची कड थोडी पुढे झुकवा. खिडकीचं प्रतिबिंब पडत असेल तर जाड पडदा कामी येतो.

नवा घ्यायला जाणार असाल तर घरातल्या सगळ्या बसायच्या जागा मनात धरून जा. पेन ड्राइव्हवर घरच्याच माणसाचा सावलीतला एक फोटो न्या. दुकानातली झगमगती फुलं आणि मासे बाजूला ठेवून तो लावायला सांगा, आणि चित्राचा ‘व्हिविड’ मोड बंद करायला लावा. मग दोन-तीन पावलं बाजूला सरका, थोडं खाली वाका आणि चेहरा पाहा. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या आकारांत वेगवेगळी पॅनेलं असू शकतात, म्हणून जो आकार घ्यायचा तोच पाहा. ऑनलाइन मागवणार असाल तर त्याच आकाराचं पॅनेल कोणतं हे आधी विचारा, कारण कडेने फिकं दिसणं हा दोष म्हणून सहसा मान्य होत नाही आणि तेवढ्यासाठी टीव्ही परत घेतला जाईल यावर विसंबू नका.